भेगांची अंगाई

मावशी होण्यासाठी माणसाला काहीच करावं लागत नाही. शाळेत वर्गप्रमुख व्हायचं तर निदान हात वर करावा लागतो आणि बाईंच्या नजरेत भरेपर्यंत तो वर ठेवावा लागतो. मावशीपद मात्र बसल्या जागी मिळतं. ताईला मुलगी झाली आणि नववीतली तिची धाकटी बहीण एका दुपारीत मावशी झाली. त्या दिवसापासून तिला नावाने हाक मारायचं सगळ्यांनी सोडूनच दिलं. आई मावशी म्हणे, जिजू मावशी म्हणत, आणि ताईचे सासरे, जे स्वतः चांगले सत्तरी गाठलेले, तेही भर रस्त्यात 'अहो मावशी' म्हणून हाक मारत, तेव्हा पुढे चाललेली एखादी खरीखुरी मावशी वळून बघे.

हिला ते आवडायचं. गेल्या वर्षापर्यंत ती अशी होती की वर्गात नुसतं 'हजर' म्हणतानाही घशाला कोरड पडायची. मग मैत्रिणीच्या नादाने तिने वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं, 'वेळेचं महत्त्व' या विषयावर भाषण ठोकलं आणि पहिला नंबर आला. तिला कंठ फुटला तो असा, आणि एकदा फुटल्यावर तो मिटायचं नाव घेईना. ते भाषण घरच्यांना हातवाऱ्यांसकट ऐकवायची तिची फार इच्छा होती. पण ती 'सन्माननीय परीक्षक' एवढं म्हणते न म्हणते तोच आईला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवे, ताईचे सासरे चष्मा शोधायला उठत आणि जिजूंच्या पापण्या जड व्हायला लागत. घरकी मुर्गी वगैरे म्हणतात ते हेच, असं समजून तिने नाद सोडला.

बाळाचं कागदोपत्री नाव काहीही असो, घरात ती टिटवी होती. टिटवी झोपलेली कुणी पाहिलेली नाही, आणि हिचंही तेच. टिटवीने समुद्र आटवला अशी गोष्ट सांगतात. या टिटवीने आईबापांना आटवलं.

आईबाप आधीच काठावर होते. जिजू बेकरीत कामाला. जग कूस बदलत असतं तेव्हा ते पीठ मळायला उभे असत, आणि दुपारी घरी येत ते भुवयांत पीठ घेऊन. ताई पुलांची तपासणी करणाऱ्या खात्यात होती. डोक्यावर हेल्मेट, पायात जाड बूट, पिशवीत एक छोटी हातोडी. दिवसभर पुलाखाली वर बघत हिंडायचं, संध्याकाळी कॉलेजात मास्टर्सच्या तासांना पळायचं. हे सगळं टिटवीच्या आधीपासून चाललेलं. त्यात टिटवी आली, आणि बाळंतपणाची रजा संपली तेव्हा कळलं की एका ताईचे तीन तुकडे केले तरी प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं.

मग घर कामाला लागलं. आई पडदे शिवून द्यायची. तिने सरळ आपलं शिलाई मशीन दोन गल्ल्या ओलांडून ताईच्या खिडकीशी आणून ठेवलं. एक पाय मशीनवर, एक पाय पाळण्याच्या दोरीत. आजोबा म्हणजे ताईचे सासरे. त्यांनी जन्मभर बसस्थानकावर घोषणा केल्या होत्या. घरातसुद्धा ते त्याच आवाजात बोलत. टिटवीचा लंगोट ओला झाला की 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' असं खोलीभर घुमायचं, आणि आई म्हणायची, "व्याही, गाडी सुटायच्या आत दुपटं तरी द्या." शाळा सुटली की मावशी यायची. मग आई पडदे पोचवायला निघायची आणि टिटवी मावशीच्या खांद्यावर.

टिटवी झोपायची नाही ती नाहीच. गाणी झाली, खुळखुळे झाले, आजोबांनी सगळ्या जुन्या गाड्यांच्या वेळा म्हणून दाखवल्या. टक्क डोळे उघडे.

एका संध्याकाळी ताई वैतागून प्रबंधाचे कागद घेऊन खोलीभर फिरत होती. तोंडी परीक्षा जवळ आली होती. तिथे आपलं सगळं काम परीक्षकांसमोर उभं राहून सांगायचं. पाठ करायला वेळ नव्हता आणि कडेवर टिटवी होती. मावशी म्हणाली, अगं मग तिलाच सांग की. एका दगडात दोन पक्षी. ताईने तिला उभं धरलं, थोपटत, डुलत सुरुवात केली: "काँक्रीटच्या पुलांमध्ये वरचा थर आतल्या थरापासून हळूहळू सुटत जातो…" आणि टिटवीने जांभई दिली. चांगली, गाल ताणून, घशाच्या पडजिभेपर्यंत दिसेल अशी. 'पाण्याचा शिरकाव' येईपर्यंत ती झोपली होती.

मावशीच्या कल्पनेचं कौतुक घरभर झालं आणि तिलाही ते अंगभर झालं. तिथून पुढे प्रबंध हीच अंगाई ठरली. ताई घरी नसली तरी टिटवीला तोच लागायचा, म्हणून सगळ्यांनी तो वाटून पाठ केला. आई मशीनच्या तालावर गंजलेल्या सळया म्हणायची. जिजू टिटवीला पिठाच्या गोळ्यासारखं हलकेच थोपटत भारवाहक खांब म्हणायचे. आजोबांनी भेगांचे प्रकार घेतले होते, आणि 'आडवी भेग, उभी भेग, तिरपी भेग, क्रमाक्रमाने' असं ते म्हणू लागले की खिडकीवरचं कबूतरसुद्धा पंखात मान घालायचं.

फक्त मध्ये मध्ये अडायचं. एका ठिकाणी ताई हातोडीबद्दल सांगायची आणि सवयीने पाटावर 'ठक्क' करायची. टिटवी दचकून उठे. मावशीने पेन्सिल घेतली आणि ती जागा गाळली. मग लक्षात आलं की प्रश्न आला की आवाज वर चढतो आणि टिटवीचे डोळे उघडतात. मावशीने प्रश्न गाळले. एके ठिकाणी 'पण' होतं, त्यावर ताई थांबायची, तेही गेलं. महिन्याभरात मजकूर असा गुळगुळीत झाला की त्यावरून मुंगी घसरावी. ताईला सरावाला दुसरी वेळच नव्हती. ती रोज हाच मजकूर, असाच डुलत, असाच थोपटत म्हणायची आणि म्हणायची, मावशी, तू नसतीस तर माझं काय झालं असतं.

काय झालं असतं ते रंगीत तालमीच्या दिवशी कळलं.

खऱ्या परीक्षेच्या आठवडाभर आधी कॉलेजात तालीम होती. ताईच्या मार्गदर्शक मॅडम, वर्गातली मुलंमुली, दोनचार इतर प्राध्यापक. आई टिटवीला घेऊन मागच्या बाकावर बसली, शेजारी मावशी, जणू नाटक आपलंच आहे अशा थाटात. ताई उभी राहिली. पहिलं वाक्य बोलली. आणि मावशीच्या लक्षात आलं की ताई डुलतेय. डाव्या पायावरून उजव्या पायावर, उजव्यावरून डाव्या. तिचा एक हात टेबलाला हलकेच थोपटतोय. आवाज कसा, तर तलम, खाली खाली उतरत जाणारा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी दुपटं पांघरणारा. टिटवी दुसऱ्या वाक्याला गेली. तिसऱ्या बाकावरचा एक दाढीवाला पाण्याच्या शिरकावाला गेला. एका प्राध्यापकांनी हनुवटी मुठीवर ठेवली, मग मूठ टेबलावर आली, मग हनुवटीही. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातलाच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मावशीला स्वतःला अशी जांभई आली की कानात टिक् झालं.

मॅडम भल्या होत्या. संपल्यावर त्यांनी ताईला बाजूला घेतलं, मावशी पिशव्या गोळा करत होती तिथेच. काम पक्कं आहे, त्या म्हणाल्या, माझ्या हाताखालचं सगळ्यात पक्कं. "पण तू बोललीस त्यातलं मला आता काही आठवत नाही. या सगळ्यात पूल कुठे आहे?" आणि मग जरा चाचरत विचारलं, "तुला बरं वाटतंय ना? तू हलत होतीस."

घरी आल्यावर ताई जिना चढली, बूट काढले, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. जिजू भांडी विसळत होते, आजोबा टिटवीला पाळण्यात ठेवत होते. ताईने काही आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली की ती परीक्षेला बसणार नाही. एवढी चार माणसं माझ्यापायी आपलं आयुष्य गुंडाळून इथे येऊन बसली आहेत, आईच्या डोळ्यांखाली वर्तुळं आलीत, आणि मी तिथे जाऊन लोकांना झोपवून येते. पुढच्या वर्षी बसायचं तर ऑफिस काही पुन्हा सवलत देणार नाही. "झालं तेवढं पुरे. मी सोडते."

आजोबांनी घसा खाकरला, पण घोषणा आलीच नाही. आई नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मावशी दाराच्या चौकटीत उभी होती. या घरात सगळ्यांना ठाऊक होतं की कल्पना कुणाची, आणि कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. एखाद्याने रागाने बघितलं असतं तर निदान श्वास तरी घेता आला असता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती मुद्दाम नदीकाठच्या रस्त्याने आली. तिथला पूल ताईच्या वाट्याचा होता. टिटवी पोटात असताना एका सुट्टीच्या सकाळी ताईने मावशीला त्याच्या खाली नेलं होतं. वर गाड्यांची घरघर, खाली ओलसर सावली, आणि ताईने हातोडी काढून खांबावर मारली होती. ठण्ण. मंदिराच्या घंटेसारखं नाही, पण तसल्याच वंशाचं काहीतरी. मग वीतभर अंतरावर पुन्हा मारली होती, दिसायला अगदी तसंच राखाडी, तसंच गुळगुळीत काँक्रीट. बद्द. जणू खांबाने तोंड फिरवलं. मावशीच्या अंगावर काटा आला होता. ताई म्हणाली होती, वरून काही दिसत नाही, पण इथे आतून सुटलंय, आणि हे कळायला मशीन लागत नाही, कान लागतो. नव्या माणसालासुद्धा हा कान थोडक्या दिवसांत शिकवता येतो की नाही, तेच मी शोधतेय. तो सगळा दिवस मावशी घरातल्या प्रत्येक भिंतीवर चमचा मारत हिंडली होती आणि आईचा एक धपाटाही खाल्ला होता.

आता पुलाखाली उभ्या उभ्या ती पाठ झालेला प्रबंध मनात म्हणू लागली. पाण्याचा शिरकाव होता. सळया होत्या. भेगा क्रमाक्रमाने होत्या. हातोडी नव्हती. ठण्ण नव्हतं, बद्द नव्हतं, ऐकू आलं का असा प्रश्न नव्हता. टिटवी दचकते म्हणून जे जे मावशीने गाळलं, तोच प्रबंध होता. उरलं ते वरचं गुळगुळीत.

ती धावतच घरी गेली. आणि गेल्या वर्षापर्यंत 'हजर' म्हणायला घाबरणाऱ्या या मुलीने स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना सांगितलं की चूक माझी आहे, ताईची नाही, आणि उपायही मला कळलाय. टिटवीला झोपवायचं नाही. जागं ठेवायचं. जो प्रबंध ऐकून टिटवी जागी राहील, तो ऐकून परीक्षकही जागे राहतील.

आई म्हणाली की ही पोर वेडी झाली. झोपलेल्या वाघाच्या मिशा ओढाव्यात, पण झोपलेल्या टिटवीला हात लावू नये. आजोबांनी तर चक्क नकार दिला. दुपारची झोप हे त्यांचं राज्य होतं, आणि तिथे प्रबंध हा एकच कायदा चालत होता. आता त्यात ठोकाठोकी घातली तर तो मोडणार, आणि पुन्हा काही तो लागू होणार नाही. बोलण्यात ते चुकत नव्हते. एक उपाय होता तोही हातचा जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. ताईलाही. ती म्हणाली, नको. माझ्यासाठी आता आणखी काही सोडू नका.

बोलले ते जिजू. त्या घरात झोपेची सगळ्यात जास्त गरज कुणाला असेल तर त्यांना. उभ्या उभ्या दाराला टेकले तरी त्यांचा डोळा लागायचा. ते आत गेले, ताईच्या पिशवीतून हातोडी काढून आणली आणि तिच्यापुढे धरली.

"झोप काय, पुढेही येईल," ते म्हणाले. "मी पीठ मळताना घेतो. तू ठोक."

ताईने त्यांच्याकडे बघितलं, मग हातोडीकडे. "ती रडेल," ती म्हणाली.

"रडू दे," आई म्हणाली. "आम्ही काय इथे पडदे शिवायला बसलोय?" आणि मग स्वतःच्या मशीनकडे बघून, "म्हणजे बसलेय, पण तेवढ्यासाठी नाही."

ताईच्या ऑफिसातून काँक्रीटचे दोन ठोकळे आले, तपासणीतले नमुने, एक भरीव आणि एक आतून सुटलेला. दिसायला जुळे भाऊ. ते जेवणाच्या टेबलावर मांडले गेले. टिटवी आजोबांच्या मांडीवर, तोंड ताईकडे. थोपटायला सक्त मनाई. डुलणं घालवणं सगळ्यात अवघड गेलं. ताईचे पाय ऐकेनात. शेवटी मावशीने तिला फ्रिजला पाठ लावून उभं केलं. ती डुलली की आतल्या बाटल्या वाजायच्या आणि आजोबा जाहीर करायचे की गाडी फलाट सोडत आहे.

पहिल्या ठण्णला टिटवीने जो सूर लावला त्याने वरच्या मजल्यावरचे लोक खाली चौकशीला आले. दुसऱ्या दिवशी ती हातोडी बघूनच ओठ काढायला लागली. पण ताई बोलायची, थांबायची, तिच्याकडे बघून विचारायची, "आता या ठोकळ्यातून काय ऐकू येईल?", आणि मगच हळू ठोकायची. हळूहळू टिटवीचा ओठ अर्ध्यावर थांबू लागला. मग थांबण्याची जागा आली की ती श्वास धरू लागली. मुठी आवळायची, डोळ्यांच्या बश्या करायची आणि वाट बघायची. आणि एका दुपारी, ठण्ण झाल्यावर ताईने दुसऱ्या ठोकळ्यावर मारलं, बद्द झालं, आणि टिटवी हसली. नुसते ओठ फाकवून नाही. पोटातून, खळखळून, आयुष्यात पहिल्यांदाच. आजोबांची मांडी हलली. ताईने परत मारलं, परत हसली. भरीव ठोकळ्यावर मारलं तर गंभीर. पोकळ ठोकळ्यावर मारलं की हसू. आईने पदराने डोळे टिपले आणि वर म्हणाली की पोरीला इतरांचं पोकळपण कळतं, आपल्या घराण्यातच आहे ते.

त्या आठवड्यात प्रबंध पुन्हा ठणठणीत झाला. टिटवीची झोप मात्र पार गेली. आजोबांनी आडव्या भेगेपासून सुरुवात केली की ती उत्सुकतेने मान ताठ करायची: हातोडी कुठाय? घरातले सगळे भुतासारखे दिसू लागले. आईने एक अख्खा पडदा उलटा शिवला. बेकरीत जिजूंनी मीठ दोनदा घातलं. कुणी तोंडातून ब्र काढला नाही.

परीक्षेच्या दिवशी मावशी, आजोबा आणि टिटवी खोलीबाहेरच्या बाकावर बसले. आई आणि जिजूंना काम सोडता आलं नव्हतं. दार किलकिलं होतं. आत मॅडम, दोन प्राध्यापक आणि बाहेरून आलेले परीक्षक. जाड भुवयांचे, जन्म पूल बांधण्यात गेलेले, आणि दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत पसरून बसलेले. मावशीने फटीतून ते पाहिलं. जेवलेला परीक्षक म्हणजे अर्धा झोपलेला परीक्षक.

ताईने सुरुवात केली. आवाज जरा कापला. आणि माणूस घाबरला की जुन्या वाटेलाच लागतो. काँक्रीटच्या पुलांमध्ये वरचा थर आतल्या थरापासून हळूहळू… मावशीने ओळखलं. वाक्याचं शेपूट खाली उतरत होतं. दुपटं पांघरलं जात होतं. फटीतून दिसणारा ताईचा खांदा डावीकडे गेला, उजवीकडे आला. इथे फ्रिजही नव्हता. परीक्षकांची एक भुवई खाली आली. मावशीने आजोबांचा हात इतका घट्ट धरला की त्यांची अंगठी तिला रुतली.

हातोडीची जागा आली. ताई न थांबता पुढे निघाली.

टिटवी थांबली होती. तिने श्वास धरला होता, मुठी आवळल्या होत्या, डोळे बशीएवढे केले होते. तिच्या हिशोबाने इथे काहीतरी व्हायचं होतं, आणि होत नव्हतं. तिने एकदा दाराकडे पाहिलं. मग वाट बघून कंटाळलेल्या प्रवाशासारखी तिने एक स्वच्छ, खणखणीत आरोळी दिली.

"अँऽ!"

आतला आवाज बंद झाला. मॅडम घाईने दार लावायला उठल्या असाव्यात, कारण खुर्ची सरकली. मग ताईचं बोलणं ऐकू आलं, आणि ते ताईचंच होतं, पुलाखालचं.

"माफ करा. मी एक गोष्ट गाळून पुढे गेले. हे दोन ठोकळे दिसायला सारखे आहेत. यातला आजारी कोणता, सांगाल?"

मग ठण्ण झालं. आणि मग, चांगला दम धरून, बद्द. बाकावर टिटवी खळखळून हसली. आत कुणीतरी खुर्चीत ताठ बसल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एक जाड आवाज म्हणाला, "द्या बघू इकडे ती हातोडी."

त्यानंतर बराच वेळ आत ठोकाठोकीच चालली. आधी परीक्षकांनी, मग मॅडमनी, मग एका प्राध्यापकांनी टेबलालाही मारून पाहिलं. शेवटी परीक्षकांनी विचारलं की हे सगळं ठीक आहे, पण मला हा कान यायला अर्धं आयुष्य लागलं. नवशिक्या माणसाला तो इतक्या लवकर येतो यावर विश्वास कसा ठेवायचा? ताईने तिचे आकडे सांगितले, सगळी नीट मांडणी सांगितली. मग म्हणाली की बाहेर एक श्रोती बसली आहे, तिला अजून बोलताही येत नाही, आणि तिला आठवड्यात फरक कळायला लागला. "पण ते मी प्रबंधात घातलेलं नाही. नमुना एकच आहे."

आत हशा पिकला. आजोबांनी डोळे पुसले आणि कुजबुजायच्या बेताने, म्हणजे सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाई फलाटावर दाखल झाल्या."

ताई पास झाली. चांगल्या शेऱ्याने, आणि एकदोन किरकोळ दुरुस्त्यांसह. ती बाहेर आली तेव्हा हातोडी अजून तिच्या हातातच होती. तिने एका हाताने टिटवीला घेतलं आणि त्या हातोडीसकट मावशीला मिठी मारली, त्यामुळे मावशीच्या पाठीवर एक बारीकसा टोला बसला. ताईच्या मते भरीव आवाज आला.

संध्याकाळी जिजूंनी बेकरीतून केक आणला. त्यावर साखरेचा पूल काढला होता आणि मुद्दाम एक भेग ठेवली होती. सगळे खुशीत होते आणि सगळे पेंगत होते. एकटी टिटवी टवटवीत होती. आईने सळया म्हटल्या, टिटवीने टाळ्यांसारखे हात हलवले. जिजूंनी खांब म्हटले, ती हातोडी शोधू लागली. आजोबांनी क्रमाक्रमाने सगळ्या भेगा संपवल्या आणि शेवटी हात टेकले. कायदा मोडला होता तो मोडलाच होता.

"द्या तिला माझ्याकडे," मावशी म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, आणि दुसरं काही सुचतही नव्हतं. एवीतेवी जागीच राहायचंय, तर निदान एक श्रोती तरी मिळाली. तिने टिटवीला आपल्यासमोर उशीला टेकवून बसवलं, स्वतः उभी राहिली, घसा साफ केला आणि पूर्ण आवेशाने, उजवा हात वर करून, 'वेळेचं महत्त्व' सुरू केलं. सन्माननीय परीक्षक, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो. वेळ ही अशी गोष्ट आहे, की…

टिटवीने जांभई दिली.

मावशीला वाटलं, चुकून आली असेल. ती पुढे गेली. गेलेली वेळ परत येत नाही, इथे ती मूठ आपटायची; तिने आपटली. टिटवीची मान एका बाजूला कलली. डोळ्यांच्या बश्या अर्ध्या मिटल्या, मग पूर्ण. तोवर जिजू भिंतीला टेकून घोरू लागले होते आणि आजोबांची हनुवटी छातीवर आली होती. आईने मशीनवर डोकं ठेवलं होतं. अख्ख्या घरावर अशी शांतता पसरली की नळाचा थेंबही ऐकू यावा.

मावशीचा हात तसाच हवेत राहिला. पहिला नंबर आला होता या भाषणाला. तिने ताईकडे पाहिलं. ताईचेही डोळे मिटत चालले होते, पण तिने एक बोट वर केलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

"थांबू नकोस गं. पुढे काय होतं वेळेचं?"

मावशीने एक क्षण विचार केला. मग ती टिटवीच्या शेजारी बसली, हातवारे सोडून दिले, आवाज खाली आणला, आणि हलकेच थोपटत, थोडीशी डुलत, पुढचं सांगू लागली.